शेजार जुळवणारी भिवराबाई

मी आयुष्यात एकच घर बांधलं आणि ते दुसऱ्याच्या जागेवर बांधलं.

पाया, मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, पुढे ओसरीसारखी छपरी, मागे परसाची सांदवाडी, सगळं यथासांग केलं. वास्तुशांतीसुद्धा झाली. भटजींनी मला यजमान म्हणून जिथं पाटावर बसवलं, तिथं बसायचा मला काडीचाही हक्क नव्हता. बरं, मी काही अडाणी माणूस नव्हे. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे.

त्यातही कमाल अशी, की सबंध चांदा गावात जी एक जागा भिवराबाई कोणालाही द्यायला तयार नव्हती, नेमकी तीच मी गाठली. एका सावकारानं ती मागितली, बाई नाही म्हणाली. तहसिलीतल्या साहेबानं मागितली, त्यालाही नाही म्हणाली. मी मागितलीच नाही. सरळ घर बांधून मोकळा झालो.

हे कसं घडलं ते कळायला आधी भिवराबाई कळायला हवी. इथंच माझी पंचाईत आहे. भिवराबाई मला तेव्हाही नीट कळली नव्हती आणि आता लिहायला बसलो तरी कळली आहे असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

त्या काळी चांदा परकोटाच्या आत राहत असे. परकोट म्हणजे गोंड राजांनी बांधलेली गावाभोवतीची दगडी भिंत. तिला गेटं होती, आणि दिवेलागणीनंतर जटपुरा गेटाबाहेर पाय टाकायचा म्हटलं की भल्याभल्यांना घरची कामं आठवत. बाहेर वाघ होता. निदान प्रत्येकाच्या मेव्हण्यानं तरी तो पाहिलेला होता. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, आणि एका जुन्या मालगुजारानं गेटाबाहेरच्या आपल्या शेताचे प्लॉट पाडायचं ठरवलं. गावातले जमिनीचे दलाल हसले. वाघाच्या शेजारी कोण राहील? त्यांच्यापैकी एकानंही ते काम घेतलं नाही. भिवराबाईनं घेतलं.

तोवर ती परकोटाच्या आत भाड्याच्या खोल्या लावून देत असे. नवरा लाकडाच्या ठेकेदाराकडे जमादार होता, तो वारला आणि बाईनं हा धंदा धरला. बदलून आलेल्या एका कारकुनाला तिनं पहिली खोली मिळवून दिली आणि दलाली म्हणून घरमालकिणीकडून एक भोपळा घेतला म्हणतात. दलालांची बैठक जटपुऱ्याच्या चहाच्या टपरीवर असे. तिथल्या बाकावर बाईमाणसाला कोण जागा देणार? तेव्हा एके सकाळी भिवराबाई घरची बाज डोक्यावर घेऊन आली, ती बाकासमोर टाकली आणि तिच्यावर पाय वर घेऊन बसली. मी चांद्यात आलो तोपर्यंत परिस्थिती अशी होती, की बाकावरचे दलाल बाजेकडे तोंड करून बसत आणि त्यांच्यात तंटा झाला की निवाडा बाजेवरून होत असे.

गेटाबाहेरचा पहिला प्लॉट तिनं स्वतःलाच विकला. चार बांबू, वर गवत, असं खोपटं घातलं आणि एकटी जाऊन राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दलाल घोळक्यानं बघायला गेले. बाई चुलीपुढे बसून भात शिजवत होती.

“वाघ आला होता का जी, बाई?” एकानं विचारलं.

“आला होता ना. म्हने, शेजारी कोन राह्यते? म्या म्हनलं, अजून कोनी नाई. तं म्हने, मंग एकट्या बाईच्या घरी कसा येऊ, लोकं नावं ठेवतीन. गेला मंग वापस.”

हे सांगताना ती हसली नाही म्हणतात. ती कधीच हसत नसे. त्यामुळे ती थट्टा करते आहे की माहिती देते आहे हे मला कधीच समजत नसे, आणि मी आपला दोन्हींच्या मधलं तोंड करून उभा राहत असे.

मी साताऱ्याकडचा. नोकरीच्या मागे इतक्या लांब आलो आणि शाळेजवळच्या एका खोलीत राहू लागलो. आई भावाकडे होती, तिचं आणि वहिनीचं पटत नव्हतं. तिला शाळा उघडायच्या आत इकडे आणीन, स्वतःच्या घरात ठेवीन, असं मी कबूल करून बसलो होतो. घराचं नाव काढलं की चांद्यात सगळे एकच सांगत: भिवराबाईकडे जा. गेलो.

तिच्या उजव्या हाताला एक काळी छत्री होती. ती उन्हात उघडायची नाही, पावसात उघडायची नाही. माणसाकडे रोखायला वापरायची. माझ्याकडे रोखून तिनं विचारलं, “घोरता का, मास्तर?”

मी म्हणालो, “जागा बघायला आलो होतो.”

“तेच इचारून राह्यलो. घोरता का?”

तिकडच्या बायका ‘मी करतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात, त्याची मला तोवर सवय झाली होती. या प्रश्नांची नव्हती. पेटी वाजवता का? पहाटे मोठ्यानं श्लोक म्हणता का? कोंबड्या पाळाल का? भाजी उरली तर काय करता? मी सगळ्याला ‘नाही’ म्हणत गेलो, मला वाटलं ‘नाही’च म्हणणं सभ्यपणाचं.

“सकाळी उठल्यावर पयले कोनासंग भांडता?”

“कोणाशीच नाही,” मी अभिमानानं सांगितलं.

तिचा चेहरा पडला. “मंग तुमाले शेजार पाहिजे तरी कशाले?” ती म्हणाली.

भिवराबाईच्या मते ती जागा विकतच नव्हती. “माती तं सारीकडे मातीच हाय. मी शेजार देतो,” हे तिचं पालुपद. दवंडी पिटल्यासारखं ते दिवसातून कितीदा तरी कानावर पडे. घोरणाऱ्या पोस्टमनच्या बाजूला तिनं कानानं अधू असलेला शिंपी बसवला होता. भल्या पहाटे भजन म्हणणाऱ्या बुवाला तिनं गवळ्याचा शेजार दिला, कारण गवळी त्याच वेळी धारा काढत असे आणि म्हशींची तक्रार नव्हती. ज्याच्या म्हशी त्याच्या पलीकडे वांगी लावणारी विधवा. शेण आपोआप कुंपण ओलांडून जाई आणि वांगी उलट दिशेनं येत. दोन सख्खे भाऊ शेजारीशेजारी प्लॉट मागायला आले, तर तिनं एकाला या टोकाला टाकलं आणि दुसऱ्याला त्या टोकाला. भाऊ चिडले. बाई म्हणाली, “सनासुदीले एकमेकाच्या घरी जेवाले जाल ना? मंग तेवढं चालाले रस्ता ठेवला.”

साहेबाला नकार दिला तेव्हा त्यानं कारण विचारलं. “तुमचा कुत्रा चांगला हाय साहेब,” ती म्हणाली, “पन त्याले एकट्याले कशी देऊ जागा?”

आता यात माझी चूक कुठून सुरू झाली ते बघा. जागा विकताना ती गिऱ्हाइकाला जागा दाखवत नसे. शेजारी दाखवत असे. मला ती परकोटाच्या आत, भानापेठेतल्या एका घरी घेऊन गेली. तिथं गोविंदा नाकेदार राहत. जंगलखात्यातून निवृत्त झालेले, गेटाबाहेर त्यांचाही प्लॉट होता, घर अजून व्हायचं होतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि वाघाची एक गोष्ट सांगितली. मग दुसरी सांगितली. बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या गोष्टीत मी “बापरे!” म्हणालो, तशी ती उठली.

“जमलं,” ती म्हणाली. “नाकेदारायले आयकनारा पाहिजे होता. तुमाले बोलनारा पाहिजे. घ्या पेढा.”

अशा रीतीनं मी प्लॉट घेतला. शेजारी मला तोंडपाठ होता. प्लॉट कुठे आहे ते मात्र बाईनं छत्रीनं लांबून दाखवलं होतं, आणि मी त्या वेळी छत्रीकडे पाहत होतो.

गोविंदा नाकेदारांकडूनच मला बाईच्या घरची हकिकत कळली. तिच्या नवऱ्यानं जंगलच्या कामात असताना तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याची दुसरी बायको करून आणली होती. तिचं नाव राजक्का. घर एक, चूल एक आणि सवती दोन. भिवराबाई मराठीत भांडे, राजक्का तेलुगूत, आणि दोघींनाही एकमेकींचं सगळं समजे.

“ह्या भांडत तं आमी जेवन लवकर आटपून छपरीत येऊन बसू,” नाकेदार म्हणाले. “तसं भांडन आता आयकाले भेटत नाई, मास्तर. जमादार मेला. तेराव्याच्या दिशी बी भांडल्या. मंग राजक्का गेली सिरोंच्याले, भावाकडं. आमाले वाटलं भिवराबाई साखर वाटन. तं हिनं सात-आठ दिवस चूल नाई पेटवली. अन मंग काय, लागली लोकायले खोल्या पाहून द्याले.”

“मग?”

“मंग काय. दर उन्हाळ्यात, रस्ता सुरू असला का जाते सिरोंच्याले. चार दिस राह्यते. एकटीच वापस येते.”

“कशाला जाते?”

नाकेदार माझ्याकडे बघत राहिले. “भांडन राहून गेलं असन,” ते म्हणाले.

मला ते पटलं. काही लोकांना सवयच असते.

आणखी एक गोष्ट मी रोज बघत होतो. भिवराबाईच्या खोपटाचं एव्हाना चांगलं घर झालं होतं, आणि त्याच्या बाजूचा प्लॉट रिकामा होता. रोज सकाळी आपलं अंगण झालं की बाई तो रिकामा प्लॉटही झाडायची, त्यावर शेणाचा सडा टाकायची. उंबरठा नाही, दार नाही, आणि समोर रांगोळी. हीच ती कोणाला न दिलेली जागा. का दिली नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मी विचारलं नाही कारण मला ते धंद्यातलं काहीतरी वाटलं.

त्या वर्षी होळीच्या थोडं आधी बाई निघाली. हातात छत्री, डोक्यावर गाठोडं. जाताना माझ्याकडे आली.

“मास्तर, मी सिरोंच्याले चाललो. या खेपेले लय दिस लागतीन, पावसाच्या आत येतो. रिकाम्या जागेकडं ध्यान ठेवजा. कोनी घुसलं नाई पाहिजे.”

“निर्धास्त जा, बाई,” मी म्हणालो.

होळी आली. होळीसाठी लाकडं चोरायची रीत सगळीकडेच आहे, पण चांद्यातल्या पोट्ट्यांनी त्या वर्षी गेटाबाहेर हात साफ केला. आमच्या सगळ्या रिकाम्या प्लॉटांच्या हद्दीच्या खुंट्या, चांगल्या सागाच्या, एका रात्रीत होळीत गेल्या. सकाळी पाहतो तर सपाट मैदान. कोणाची हद्द कुठं, कोणालाच सांगता येईना. लोक म्हणाले, बाई येईपर्यंत थांबू.

मी म्हणालो, थांबायचं कशाला? नकाशा आहे. आणि नकाशा वाचणं हा माझा पेशा आहे.

मालगुजाराच्या मुनिमाकडून मी कापडावरचा नकाशा आणला. प्लॉटांच्या दोन ओळी, मध्ये रस्ता. नकाशावर उत्तर दिशा दाखवणारा बाण होता, तो खाली तोंड करून होता. मला वाटलं, काढणाऱ्याची चूक. असली चूक मी वर्गात कितीदा तरी सुधारत असे. मी मनातल्या मनात बाण वर केला आणि नव्या खुंट्या ठोकायला सुरुवात केली.

ज्यांची घरं झाली होती त्यांच्यापैकी काहींचा मेळ माझ्या खुंट्यांशी बसेना. गवळ्याचं घर नकाशाप्रमाणे भलतीकडेच यायला हवं होतं. मी त्याला ते समजावून सांगितलं.

“तुझं घर चुकीच्या जागी आहे.”

“मास्तर, बाईनं मले सोता हात धरून उभं केलं होतं जी इथी.”

“बाईंचीही चूक होऊ शकते,” मी उदार मनानं म्हणालो. तो बिचारा त्या दिवशी धारा काढायच्या विसरला.

नाकेदारांचा प्लॉट नकाशाप्रमाणे बाईच्याच घराखाली आला, ती मी बाईची आणखी एक चूक धरली. माझा प्लॉट निघाला नेमका भिवराबाईच्या बाजूला. रोज झाडलेला, सारवलेला, पुढे रांगोळी. माझा ऊर भरून आला. इतके दिवस बाई माझ्या जागेची निगा राखत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती!

गोविंदा नाकेदार येऊन उभे राहिले. “मास्तर, इथी तं बाई सडा टाकते.”

“माझ्यासाठीच टाकते,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. जंगलात अनोळखी पावलाचा ठसा दिसला की माणूस असं पाहत असावा. मग “शिकलेला मानूस हाय बा,” असं स्वतःशी म्हणत ते निघून गेले.

शाळेला सुटी लागली आणि मी कामाला लागलो. माती जवळची, बांबू स्वस्त, कवेलू कुंभाराकडून. उन्हाळा सरायच्या आत घर उभं राहिलं. माझ्या हातून काही उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. मी सामान हलवलं, खोली सोडली, आणि छपरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विनाकारण हाका मारू लागलो. आता आईला आणायला निघायचं तेवढं राहिलं होतं.

असाच एका दुपारी बसलो होतो. मोटारीतून उतरून दोन बायका गेटाकडून चालत आल्या. एक भिवराबाई. दुसरी उंच, वाळलेली, हातभर गोंदलेली, कमरेवर पितळी घागर. मी हसतमुखानं उठलो.

भिवराबाई रस्त्यातच थांबली. तिनं घर पाहिलं. मग मला पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून काहीच बाहेर पडलं नाही. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. छत्रीसुद्धा कोणावर रोखलेली नव्हती.

दुसरी बाई, म्हणजे राजक्का, घराकडे बघत म्हणाली, “भिवरा, तू तं म्हनली नुसती जागा हाय म्हून. हे तं घर हाय.”

मी खुलासा करायला तोंड उघडलं. भिवराबाईला त्याच क्षणी वाचा फुटली.

“मास्तर, उठा तिथून. घर झाडून झालं असन तं दाराची किल्ली द्या तिले. तिचंच घर हाय.”

का, कसं, कोणाचं, मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या आवाजात कोणी काही सांगितलं की मी शाळेतही ते मुकाट्यानं करतो. मी किल्ली दिली. राजक्का घागर घेऊन आत गेली.

बाई कुंपणाचा बांबू धरून उभी राहिली. “मास्तर,” ती हळूच म्हणाली, “एक शब्द बोललात तं याच घराच्या पायात गाडीन तुमाले. नकाशा उलटा धरला होता ना?”

“बाण खाली होता, मला वाटलं...”

“वाटलं! किती उन्हाळे झाले तिच्या पाया पडून राह्यलो मी. म्हने, तुह्या छपराखाली मी मेलो तरी येनार नाई. बाजूले येगळं घर असन तं पाहीन. आता घर कुठून आनू? माह्याजवळ जागा हाय, मास्तर. घर नाई. या खेपेले सारा उन्हाळा तिच्या दारात बसून राह्यलो. म्हनलं, नुसती जागा तं पाहून जाय. तं आली. उद्याच्या मोटारीनं जातो म्हनून आली हाय.” तिनं बांबू आणखी घट्ट धरला. “साऱ्या चांद्याले शेजार देल्ला म्या. अन माह्या कुडाच्या पल्याड...”

ती पुढं बोलली नाही. आम्ही दोघं दाराकडे बघत उभे राहिलो. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मला घाम फुटला. माझं घर जातं आहे म्हणून फुटला की ही बाई घरात राहणार नाही म्हणून फुटला, ते मला सांगता आलं नसतं.

राजक्का दारात आली. “चूल वाकडी हाय,” ती म्हणाली.

“वाकडी?” भिवराबाई उसळली. “चूल वाकडी का तुही नजर वाकडी? सिरोंच्याच्या राजवाड्यातून आली का व तू?”

राजक्कानं तेलुगूत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. त्यावर बाईनं तिच्या माहेरच्या लोकांचा उद्धार केला. राजक्कानं जमादाराचं नाव घेतलं. बाईनं घागरीचं. आवाज गेटापर्यंत गेला असावा, कारण भानापेठेतून गोविंदा नाकेदार जवळजवळ पळतच आले आणि गवळ्याच्या ओट्यावर मांडी घालून बसले. मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो.

“गेलं सगळं,” मी म्हणालो. “चालली ती परत.”

“चालली?” नाकेदारांनी माझी कीव केली. “मास्तर, घागर पाहा. रांजनाजवळ ठेवली तिनं. राह्यली.”

ती राहिली. दुसऱ्या दिवशी मोटार गेली आणि राजक्का चूल फोडून नवी घालत बसली. ती विहिरीवर गेली असताना भिवराबाईनं माझं सामान लुगड्याच्या ओच्यात लपवून, दोन खेपा करून, मागच्या दारानं मला आणून दिलं. तिला तशी वाकून पळताना पाहिलं तेव्हा ती सबंध गेटाबाहेरची मालकीण आहे असं कोणी म्हटलं नसतं.

मी मनानं मोठा वगैरे झालो असं कोणी समजू नये. मी आठवडाभर फक्त गोंधळलेला होतो, आणि तेवढ्यात सगळं ठरून गेलं. बाईनं मला माझ्या खऱ्या जागेवर, दुसऱ्या ओळीच्या पार टोकाला, नाकेदारांच्या बाजूला घर उभं करून दिलं. तिनं नुसती छत्री फिरवली आणि सारी वस्ती माती कालवायला आली. गवळी सगळ्यांच्या आधी आला. तो टोपली उचलायचा, माझ्याकडे पाहायचा, हसायचा आणि पुन्हा टोपली उचलायचा. पावसानं काम लांबलं, तोवर मी नाकेदारांच्या भानापेठेतल्या घरी राहिलो. आईला दिवाळीपर्यंत वाट पाहावी लागली, त्याबद्दल तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

भिवराबाईचा धंदा त्यानंतर फारच वाढला. गेटाबाहेर वस्तीला वस्ती लागत गेली. पार अहेरीकडून लोक तिचा सल्ला घ्यायला येत. पण सकाळी बाजेवर जायच्या आधी कुडापाशी उभं राहून राजक्काशी भांडणं तिनं चुकवलं नाही. कधी सांडपाण्यावरून, कधी कोंबडीवरून, कधी जमादाराला अंबाडीची भाजी जास्त आवडायची की झिंग्याची, यावरून. गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहत. भांडण संपलं की बाई तोंड पुसून येई आणि ताजीतवानी दिसे.

मला मात्र ती अधूनमधून बाजूला घेई. “मास्तर, तिले समजू देऊ नका जी. समजलं तं जाईन ती. लय मानी बाई हाय.” मी मान हलवी. एवढं मोठं गुपित माझ्यावर सोपवलं आहे याचा मला फार अभिमान होता. राजक्का समोर आली की मी तोंड घट्ट मिटून घेई, इतकं, की माझी दाढ दुखते अशी वस्तीत समजूत झाली.

असं वर्ष उलटलं. एका दुपारी राजक्कानं मला हाक मारली. “ए मास्तर, इकडं रा.” रा म्हणजे तिच्या तेलुगूत ‘ये’. ती छपरीत बसून मासळी साफ करत होती. मी तोंड मिटून गेलो.

“मागची भिंत फुगली. तू बांधली, तूच पाहाजो.”

मी दचकलो. “मी? छे, छे. हे घर तर भिवराबाईंनी...”

“भिवरानं?” तिनं माशाचं डोकं उडवलं. “पयल्या दिशी आत गेलो. खुंटीवर तुहा कोट. कोनाड्यात दाढीचं सामान. भिवरा दाढी करते का रे?”

मी नकळत हनुवटी चाचपली.

“दुसऱ्या दिशी ती सामान न्याले आली. मी विहिरीवर पानी भरून बसूनच राह्यलो. तिचं आटपलं पाहिजे ना.”

“सगळं ठाऊक होतं? मग राहिलात कशा? तुम्ही तर दुसऱ्या दिवशी जाणार होतात.”

राजक्कानं पुढची मासळी उचलली. कुडाच्या पलीकडून भिवराबाईचा आवाज येत होता. कोणा गिऱ्हाइकाला ती विचारत होती, तुमची सासू झोपेत बडबडते का.

“जातोच म्हनलं होतं,” राजक्का म्हणाली. “मंग दारातून बाहीर पाहालं. ती उभी होती, बांबू धरून. गप. मी तिले कधी गप पाहालं नोतं. मालक मेला त्या दिशी बी गप नोती, मलेच शिव्या देत होती. म्या म्हनलं, आता मी गेलो तं ही बाई अशीच राहून जाईन. म्हून म्हनलं, चूल वाकडी हाय.”

मी खाली बसलो.

“तिले सांगू नको,” ती म्हणाली. “तिले वाटते, तिनं मले बनवलं. त्यात तिले लय बरं वाटते. वाटू दे.”

“अहो, पण मला तरी सांगायचं!” मी कळवळून म्हणालो. “वर्षभर मी तोंड दाबून हिंडतो आहे!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. हातातली मासळी पाण्यात टाकली.

“तुले?” राजक्का म्हणाली. “तुले सोताची जागा समजली नाई, मास्तर. आमची काय समजनार होती?”